साखर पेठ आणि पेट स्कॅन

भाच्याची फाईल माझ्या टेबलावर आली तेव्हा तिच्यावर बॉलपेनने लिहिलं होतं, 'पोटाचा स्कॅन, पुणे'. लिहिणारी त्याची आई, म्हणजे माझी चुलत बहीण. डॉक्टर म्हणाले होते, 'पेट स्कॅन करून आणा.' आता सोलापुरात 'पेट' म्हटल्यावर निम्म्यांना पोट आठवणार आणि उरलेल्यांना पेठ. तिची काय चूक? "दादा, गाठ मानेत आहे की ओ, मग पोटाचा स्कॅन कशाला?" हा तिचा पुढचा प्रश्न तर बिनतोडच होता.

पेट म्हणजे पोट नाही. पॉझिट्रॉन एमिशन टोमोग्राफी या लांबलचक नावाची ती आद्याक्षरं. हल्ली त्याच यंत्रात सीटी स्कॅनही होतो, म्हणून कागदावर 'पीईटी-सीटी' असं लिहितात. पण लक्षात ठेवायला सोपं पडावं म्हणून मी बहिणीला सांगितलं, आपल्या सोलापुरातली साखर पेठ आठव. कारण हा स्कॅन खरोखरच साखरेचा आहे. शरीरातली कुठली पेठ जास्त साखर ओढते, ते तो दाखवतो.

मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. त्यामुळे नात्यात कुणाचाही रिपोर्ट आला की तो आधी माझ्याकडे येतो, जणू मी डॉक्टरच. मी डॉक्टर नाही, आणि भाच्याचे उपचार काय करायचे यात मी एका शब्दानेही पडलो नाही. पण त्या वर्षभरात या एका स्कॅनबद्दल घरात, शेजारात आणि व्हॉट्सॲपवर जे ऐकलं, त्यातलं निम्मं चुकीचं होतं. ते एकदा नीट मांडावं म्हणून हा लेख.

आधी आजार समजून घेऊ

पायात काटा मोडला, जखम पिकली, की जांघेत अवधाण येतं. आजीच्या तोंडचा हा शब्द. ते अवधाण म्हणजे सुजलेली लसिकाग्रंथी. अशा शेकडो ग्रंथी आपल्या अंगात असतात. मानेत, काखेत, जांघेत त्या हाताला लागतात. छातीत आणि पोटात खोलवर असतात त्या लागत नाहीत. जंतू आला की त्याला अडवायच्या या पोलीस चौक्या. चौकीतले शिपाई म्हणजे लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी.

हे शिपाईच बिघडले आणि बेसुमार वाढायला लागले की त्याला लिम्फोमा म्हणतात. लसिकाग्रंथींचा कर्करोग. त्याची दोन मोठी घराणी आहेत. पहिलं हॉजकिन लिम्फोमा. लंडनचे डॉक्टर थॉमस हॉजकिन यांनी १८३२ मध्ये या आजाराचं वर्णन केलं, म्हणून त्यांचं नाव. दुसरं घराणं नॉन-हॉजकिन, म्हणजे बाकीचे सगळे. त्यात डझनावारी प्रकार. काही आठवड्यांत फोफावणारे, काही वर्षानुवर्षं गोगलगायीच्या चालीने जाणारे. भाच्याला हॉजकिन निघाला. वय तेवीस, टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात हिशेबाला.

या आजाराची खोड अशी की गाठ बहुधा दुखत नाही. दुखत नाही म्हणून माणूस दाखवत नाही. सोबत रात्री कपडे भिजवणारा घाम, कारणाशिवाय ताप, सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून जास्त वजन उतरणं, यातलं काही असेल तर थांबू नये. आपल्याच जिल्ह्यात बार्शीला १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालू आहे, देशातली पहिली. खेड्यातला माणूस डॉक्टरपर्यंत उशिरा का पोहोचतो, हे बार्शीच्या आसपास गावोगाव फिरणाऱ्या त्या लोकांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत असेल.

स्कॅन गाठीचं नाव सांगत नाही

हे सगळ्यात आधी सांगतो, कारण घोटाळा इथेच होतो. आपल्याकडे मानेला गाठ आली की पहिला संशय क्षयाचा, म्हणजे जुन्या लोकांच्या गंडमाळेचा. संशय चुकीचा नाही, आपल्या देशात क्षय आहेच तेवढा. पण माझ्या ओळखीतल्या एका बाईंना तुकडा न तपासताच क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या. चार महिन्यांनी गाठ दुप्पट झाली, तेव्हा कुठे बायोप्सी झाली आणि लिम्फोमा निघाला.

मग पेट स्कॅनने हे आधीच कळलं नसतं का? नसतं. क्षयाची गाठ आणि लिम्फोमाची गाठ, दोन्ही पेट स्कॅनमध्ये सारख्याच दिमाखात चमकू शकतात. गाठीचं नाव सांगते ती बायोप्सी. त्यातही सुईने चार थेंब ओढून केलेली एफएनएसी लिम्फोमासाठी बऱ्याचदा अपुरी पडते. शक्य असेल तर अख्खी ग्रंथीच काढून तपासायला पाठवतात. स्कॅन तिथे मदत करतो ती वेगळी: पाच गाठी असतील तर त्यातली जास्त चमकणारी आणि हाताशी असलेली कुठली, म्हणजे तुकडा कुठून घ्यावा, ते तो दाखवू शकतो.

नाव बायोप्सी सांगणार, पत्ता स्कॅन सांगणार. फाईलवर मी बहिणीला हेच लिहून दिलं.

खोट्या साखरेची ट्रॉली

आता तो पत्ता कसा कळतो ते पाहू. सोलापूर जिल्ह्यात साखर कारखान्यांची कमी नाही, त्यामुळे हे समजावायला मला दुसरीकडे जावं लागत नाही.

प्रत्येक पेशीला चालायला ग्लुकोज लागतं. पण बहुतेक कर्करोगाच्या पेशी त्यासाठी हावरट असतात, साध्या पेशीच्या कितीतरी पट ग्लुकोज खेचतात. १९२० च्या दशकात जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी ही गोष्ट टिपली होती. लिम्फोमाचे बहुतेक प्रकार या हावरटांमध्ये मोडतात, हॉजकिन तर नक्कीच.

मग शास्त्रज्ञांनी एक युक्ती केली. ग्लुकोजच्या रेणूचा एक तुकडा काढून तिथे फ्लोरिनचा किरणोत्सारी अणू बसवला. किरणोत्सारी म्हणजे स्वतःहून फुटून किरण सोडणारा. या बनावट साखरेला एफडीजी म्हणतात. रिपोर्टमध्ये हीच तीन अक्षरं पुन्हापुन्हा येतात. माणसाला ती पहिल्यांदा टोचली गेली १९७६ मध्ये, अमेरिकेत.

पेशीला ही साखर खरी वाटते. ती दार उघडून आत घेते. कारखान्याच्या गेटवर उसाची ट्रॉली यावी, काट्यावर वजन व्हावं, पावती फाटावी, आणि गव्हाणीशी गेल्यावर कळावं की हा ऊस गाळताच येत नाही. पावती फाटल्यामुळे ट्रॉली परतही जाऊ शकत नाही. ती यार्डातच उभी राहते. एफडीजीचं असंच होतं: आत शिरते, पहिली प्रक्रिया होते, पुढे पचत नाही, बाहेर पडत नाही. तासाभरात ज्या कारखान्याची भूक मोठी, त्याच्या यार्डात ट्रॉल्यांची रांग मोठी. आणि प्रत्येक ट्रॉलीवर दिवा लावलेलाच आहे.

तो दिवा दिसतो कसा? फ्लोरिनचा अणू फुटला की त्यातून पॉझिट्रॉन नावाचा कण निघतो. तो जवळच्या इलेक्ट्रॉनला भेटताच दोघंही नाहीसे होतात आणि त्यांच्या जागी दोन किरण निघतात, अगदी विरुद्ध दिशांना. रुग्णाभोवती यंत्राचं कडं असतं. कड्यावरच्या समोरासमोरच्या दोन ठिकाणी एकाच क्षणी टिचकी पडली, की यंत्र त्या दोन बिंदूंत रेघ ओढतं. अशा लाखो रेघा जिथे गर्दी करतात, तिथे साखर साठली आहे. रांगोळी जमिनीवर न वाकता, नुसत्या रेघांच्या गर्दीतून उमटते म्हणा ना.

पुण्याहून निघालेला बर्फ

'एवढा शोध लागलाय तर ही साखर डबा भरून सिव्हिलला का ठेवत नाहीत?' हा भाच्याच्या मित्राचा प्रश्न. मला तो फार आवडला, कारण त्याचं उत्तर नववी-दहावीच्या गणितात आहे.

या फ्लोरिनचं अर्धायुष्य, म्हणजे त्यातला निम्मा भाग संपायला लागणारा वेळ, सुमारे ११० मिनिटं. एक तास पन्नास मिनिटं. पुण्याहून सोलापूर अडीचशे किलोमीटर, गाडीने चारेक तास. निघताना सोळा भाग असतील तर पावणेचार तासांत, इंदापूर-टेंभुर्णी मागे पडून सोलापूर जवळ येईतो, चारच उरले. मुंबईहून निघालात आणि सात तास वीस मिनिटं लागली तर सोळातला एकच भाग हातात. मे महिन्यात उघड्या टेम्पोतून बर्फाची लादी आणण्यासारखाच हा प्रकार.

हा फ्लोरिन बनतो सायक्लोट्रॉन नावाच्या यंत्रात. भारतातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन मुंबईत परळला, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ साली सुरू झाला. त्यामुळे सगळं वेळापत्रक त्या अर्धायुष्यावर बांधलेलं असतं. सेंटरवाले 'सकाळी सातला म्हणजे सातलाच या' असं दरडावतात, ते उगाच नाही. तुम्ही दोन तास उशिरा गेलात तर तुमच्या वाट्याची निम्मी साखर हवेत गेलेली असते.

चिमणी उभी आहे, धूर नाही

सीटी स्कॅन, सोनोग्राफी इतकी वर्षं होतीच, मग हा महागडा स्कॅन कशासाठी?

सोलापूरकराला याचं उत्तर रस्त्यावर मिळतं. आपण सगळे बंद पडलेल्या कापड गिरण्यांच्या गावात वाढलो. भोंगा थांबला, तरी भिंती आणि चिमणी कितीतरी वर्षं उभ्याच. बाहेरगावच्या माणसाने फोटो काढला तर त्याला वाटेल, केवढी मोठी मिल आहे! आत एकही माग चालत नाही, हे फोटोत कुठे दिसतं? ते पाहायचं तर विजेचं मीटर बघावं लागतं.

सीटी हा फोटो. गाठ केवढी, कुठे, कशाला चिकटलेली, हे तो लख्ख सांगतो. पेट हे मीटर. गाठ जिवंत आहे का आणि किती जोरात चालते, हे ते सांगतं.

हा फरक लिम्फोमात फारच कामाचा ठरतो, कारण उपचारानंतर गाठ पूर्ण विरघळतेच असं नाही. हॉजकिनमध्ये तर छातीतल्या मोठ्या गाठीच्या जागी मेलेल्या पेशींचा आणि व्रणाचा गोळा बऱ्याचदा मागे राहतो. नुसत्या सीटीवर विसंबलं तर 'अजून दोन सेंटिमीटर आहे' म्हणून माणूस आणि त्याचं घर खचतं, कदाचित नको असलेले उपचारही होतात. पेटवर तोच गोळा अंधारा दिसला, तर ती नुसती चिमणी.

उलटंही होतं. सीटीला साधारण आकाराच्या वाटलेल्या ग्रंथी पेटवर पेटलेल्या निघतात. त्यामुळे आजाराची पायरी, म्हणजे स्टेज, बदलू शकते. एकाच भागातल्या ग्रंथी असतील तर पहिली. दोन किंवा जास्त भाग, पण छाती-पोटामधल्या पडद्याच्या एकाच बाजूला, तर दुसरी. पडद्याच्या दोन्ही बाजूंना तर तिसरी. आणि ग्रंथी सोडून यकृत, हाडांतला मगज अशा ठिकाणी पसरला तर चौथी. इथे एक गोष्ट ठासून सांगतो. 'चौथी स्टेज' ऐकलं की आपल्याकडे लोक हात टेकतात. बाकीच्या अनेक कर्करोगांत त्या भीतीला आधार असेलही. हॉजकिनमध्ये चौथ्या स्टेजचे रुग्णही बरे होतात, आणि बरे करायच्या उद्देशानेच त्यांच्यावर उपचार करतात.

आणखी एक फायदा, ज्याची किंमत ज्याला सुई टोचली त्यालाच कळेल. पूर्वी हॉजकिनच्या रुग्णाच्या कमरेच्या हाडातून मगज काढून तपासत. नीट पेट स्कॅन झाला असेल तर हॉजकिनमध्ये ती सुई आता सहसा लागत नाही.

सगळेच लिम्फोमा मात्र असे चमकत नाहीत. काही संथ प्रकारांची साखरेची भूक बेताची असते. तिथे डॉक्टर साध्या सीटीवरच भागवतात. 'शेजाऱ्याला पेट सांगितला, मला का नाही?' याचं उत्तर बहुधा हेच असतं.

पाच गुणांची परीक्षा, कमी मिळाले तर पास

स्कॅनचा रिपोर्ट आला की सगळ्यांची नजर आकड्यांवर जाते. दोन आकडे समजून घेतले की पुरे.

पहिला एसयूव्ही. पंगतीत प्रत्येकाच्या पानात एकेक मूद शिरा वाढला, असं समजा. म्हणजे प्रत्येकाचा एसयूव्ही एक. आता कुणाच्या पानात दहा मुदी दिसल्या तर त्याचा दहा. टोचलेली साखर सगळ्या अंगात सारखी वाटली गेली असती तर जेवढी आली असती, त्याच्या किती पट या गाठीने ओढली, एवढाच त्याचा अर्थ. पण हा आकडा वजन, रक्तातली साखर, टोचल्यापासून गेलेला वेळ आणि यंत्र या सगळ्यांवर हलतो. एका गावच्या यंत्रावरचा आठ आणि दुसऱ्या गावच्या यंत्रावरचा साडेसात यांची तुलना करून पेढे वाटू नयेत. शक्यतो सगळे स्कॅन एकाच सेंटरला करावेत. बदलावंच लागलं तर जुन्या स्कॅनची सीडी सोबत न्यावी. नुसता छापील कागद पुरत नाही, नव्या डॉक्टरला जुनी चित्रं पाहावी लागतात.

दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा: डोव्हिल स्कोअर. २००९ मध्ये फ्रान्समधल्या डोव्हिल गावी जगभरातले डॉक्टर जमले. 'थोडं चमकतंय', 'बरंच चमकतंय' असली भाषा सोडून सगळ्यांनी एकच मोजपट्टी वापरावी, असं तिथे ठरलं. पट्टी रुग्णाच्या शरीरातच सापडते. छातीच्या मधल्या भागातलं रक्त आणि यकृत, या दोन ठिकाणी साखरेची चमक ठरावीक असते. गाठ अजिबात चमकत नसेल तर एक. छातीतल्या रक्ताइतकी किंवा कमी चमकत असेल तर दोन. त्याहून जास्त पण यकृतापेक्षा जास्त नाही, तर तीन. यकृतापेक्षा जास्त असेल तर चार. खूपच जास्त, किंवा आजाराच्या नव्या जागा दिसल्या, तर पाच. एक-दोन-तीनला बहुतेक वेळा डॉक्टर समाधान मानतात.

शाळेत जन्मभर गुण वाढवायला सांगितलं. इथे पोरगा दोन गुण घेऊन आला आणि मी पेढे आणले.

बरं वाटतंय, मग मधलाच स्कॅन कशाला?

भाच्याला एबीव्हीडी नावाचा केमोचा संच सुरू होता. चार औषधं एकत्र, दर पंधरा दिवसांनी सलाईन, दोन सलाईन मिळून एक सायकल. त्यातलं एक औषध डाळिंबाच्या रसासारखं लाल. ते दिसलं की भाच्याची आई तोंड फिरवायची. दोन सायकल झाल्या, मानेची गाठ हाताला लागेनाशी झाली, आणि डॉक्टर म्हणाले, परत पेट स्कॅन. घरात चर्चा सुरू झाली. गाठ गेली तर पुन्हा एवढे पैसे कशाला? सेंटरवाल्यांचं आणि डॉक्टरांचं काही ठरलेलं असेल का?

ठरलेलं होतं, पण ते वेगळंच. केमोने पहिल्या दोन सायकलमध्ये मागांचा आवाज थांबवला का, यावर पुढचं सगळं ठरतं. ब्रिटन आणि इतर काही देशांत मिळून सुमारे १,२०० हॉजकिन रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन सायकलनंतर ज्यांचा पेट स्वच्छ आला, त्यांच्यातल्या निम्म्यांचं एबीव्हीडीमधलं ब्लिओमायसिन हे औषध पुढे बंद केलं, निम्म्यांचं चालू ठेवलं. हे औषध फुप्फुसांना इजा करू शकतं. तीन वर्षांनी पाहिलं तर आजार काबूत असलेल्यांचं प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखंच, आणि ज्यांचं औषध बंद केलं त्यांच्या फुप्फुसांचा त्रास कमी. ज्यांचा पेट स्वच्छ आला नाही, त्यांना जास्त जोराचा केमो दिला गेला.

म्हणजे मधला स्कॅन हा निकाल नसून फाटा आहे. मोहोळला गाडी पंढरपूरकडे वळवायची की पुण्याच्या रस्त्याने पुढे काढायची, तसला. भाच्याचा डोव्हिल दोन आला आणि तिसऱ्या सायकलपासून त्याच्या सलाईनच्या यादीतून ते औषध गेलं. तेवीस वर्षांच्या पोराला पुढची पन्नास वर्षं याच फुप्फुसांनी श्वास घ्यायचाय.

म्हणून मी आता सगळ्यांना एकच प्रश्न विचारायला सांगतो. डॉक्टरांनी पेट स्कॅन लिहिला की हात न जोडता, आवाज न चढवता विचारा: 'सर, याचा निकाल असा आला तर काय करणार आणि तसा आला तर काय?' दोन वेगळी उत्तरं मिळाली तर स्कॅन बिनघोर करा. दोन्हीकडे उत्तर एकच असेल, तर हा खर्च कशासाठी ते पुन्हा विचारा. नॉन-हॉजकिनच्या काही प्रकारांत मधल्या स्कॅनने उपचार फारसे बदलत नाहीत. तेव्हा प्रश्न विचारण्यात उद्धटपणा काही नाही.

खर्च खरंच बोचतो. खासगी सेंटरात हा स्कॅन दहा हजारांच्या आसपास किंवा त्याच्या बराच पुढे जातो, वर जाण्यायेण्याचं वेगळं. सरकारी आरोग्य योजनेत बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारावं. पैसे भरून झाल्यावर विचारणारे मी बरेच पाहिलेत.

कर्करोग साखर खातो, मग साखर बंद करू?

हा फॉरवर्ड माझ्याकडे अकरा वेळा आला. स्कॅनचं तत्त्व ऐकलं की तर्क सरळ वाटतो: गाठ साखर खाते, तर साखर तोडा, गाठ उपाशी मरेल. पण तुम्ही चहा बिनसाखरेचा घेतलात म्हणून रक्तातलं ग्लुकोज शून्य होत नाही. शरीर ते भाकरीतून, भातातून, ते नसेल तर यकृतातल्या साठ्यातून आणि शेवटी स्वतःच्या स्नायूंतून तयार करतं. मेंदूला ते लागतंच. गाठ उपाशी राहत नाही. माणूस मात्र वाळतो, आणि केमो चालू असताना वजन उतरलं तर उपचार झेपत नाहीत. भाच्याची आई दोन आठवडे त्याला नुसत्या भाज्यांवर ठेवत होती. डॉक्टर तिला रागावले ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

मधुमेहींची भीती उलटी. 'मला शुगर आहे आणि हे साखर टोचणार?' टोचलेल्या एफडीजीचं वजन इतकं नगण्य असतं की त्याने रक्तातली साखर हलत नाही. अडचण दुसरीच आहे. रक्तात आधीच साखर भरलेली असेल तर खोट्या साखरेला पेशीच्या दारात गर्दी लागते आणि चित्र फिकट येतं. म्हणून सेंटरवाले आधी बोटातून रक्त घेऊन साखर बघतात. साधारण दोनशेच्या वर असेल तर स्कॅन पुढे ढकलतात. स्कॅनच्या तोंडावर इन्सुलिन घेतलं तर साखर स्नायूंत पळते. मेटफॉर्मिनने आतडी उजळून निघतात. कुठली गोळी कधी थांबवायची ते तारीख ठरवतानाच विचारून घ्यावं, मनाने काही बंद करू नये.

घरात लहान बाळ आहे, चालेल का?

किरणांचा प्रश्न टाळण्यासारखा नाही. एका पीईटी-सीटीमध्ये साधारण १० ते २५ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग अंगावर येतो. मिलिसिव्हर्ट हे त्याचं माप. जमिनीतून, आकाशातून, हवेतून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिळतोच. म्हणजे एका स्कॅनमध्ये चार ते दहा वर्षांचा नैसर्गिक हप्ता. ज्याला लिम्फोमा आहे, त्याच्यासाठी हा सौदा फायद्याचा. ज्याला काहीच नाही आणि 'एकदा सगळं चेक करून घेऊ' म्हणतो, त्याच्यासाठी अजिबात नाही.

घरच्यांचं काय? पुन्हा ते ११० मिनिटांचं गणित. सकाळी नऊला टोचलं तर रात्री आठपर्यंत सहा अर्धायुष्यं होतात, चौसष्टातला एक भाग उरतो. लघवीतून जातं ते वेगळं. म्हणून भरपूर पाणी प्यायचं, आणि गरोदर बाई आणि तान्ह्या बाळाला त्या दिवशी संध्याकाळपर्यंत जवळ घ्यायचं नाही. ताट-वाटी वेगळी, अंथरूण वेगळं, असलं काही लागत नाही. रुग्ण स्वतःच गरोदर असेल किंवा बाळाला अंगावर पाजत असेल, तर ते स्कॅनच्या आधी सांगायलाच हवं.

बरा झाल्यावर दर तीन महिन्यांनी करून टाकू?

उपचार संपल्यावरचा स्कॅनही लगेच करत नाहीत. केमोनंतर सहा ते आठ आठवडे आणि रेडिएशन झालं असेल तर तीनेक महिने थांबतात. जखम भरताना जी दुरुस्ती चालते, तीही साखर खाते आणि उगाच चमकते.

तो स्कॅन स्वच्छ आला की काळजीपोटी पुन्हापुन्हा स्कॅन करायची इच्छा होते. हॉजकिनमध्ये आणि नॉन-हॉजकिनच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात, काही लक्षण नसताना असे नेमाचे स्कॅन करू नयेत, असंच तज्ज्ञांचं म्हणणं आहे. आजार उलटला तर तो बहुधा रुग्णाला स्वतःला किंवा तपासणाऱ्या डॉक्टरांच्या हाताला आधी कळतो. आणि निरोगी माणसाच्या स्कॅनमध्येही काहीतरी चमकतंच. मग त्या 'काहीतरी'साठी सुया, बायोप्सी आणि झोप उडालेल्या रात्री.

काय काय चमकतं

मेंदू चमकतो, कारण त्याला सतत साखर लागते. हृदय चमकू शकतं. साखर बाहेर पडायची वाट म्हणून मूत्रपिंडं आणि मूत्राशय उजळतात. सर्दी-खोकला झाला असेल तर गळ्यातल्या ग्रंथी, हातावर लस घेतली असेल तर काखेतल्या. पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन नुकतंच घेतलं असेल तर हाडांतला सगळा मगज पेटल्यासारखा दिसतो, आणि ज्याला माहीत नाही तो घाबरून जातो. आदल्या दिवशी जिममध्ये दंड मारले असतील तर ते स्नायू. टोचल्यावर तासभर अंधाऱ्या खोलीत गप्प पडून राहायला लावतात. बोलू नका, च्युइंगम खाऊ नका, मोबाईलवर बोटं चालवू नका. जो स्नायू हलेल तो साखर ओढेल. स्कॅनआधी चार ते सहा तास उपाशी राहायचं, पाणी चालतं. आदल्या दिवशी भात, गोड आणि पळापळ टाळायची.

आणि एक चमक अशी आहे की तिचा बंदोबस्त माझ्या बहिणीने न कळत आधीच करून ठेवला होता.

थंडी वाजली की अंगात ऊब तयार करणारी एक तपकिरी चरबी असते. तरुण, सडपातळ माणसांत ती जास्त. ती ऊब करायला साखर जाळते, त्यामुळे स्कॅनमध्ये लखलखते. आणि तिचा मुक्काम कुठे, तर मानेत, खांद्याजवळ, कण्याच्या कडेने. नेमक्या त्याच जागा जिथे भाच्याच्या गाठी होत्या. मुरलेल्या डॉक्टरला हा फरक बहुतेक वेळा कळतो, पण चित्र गढूळ व्हायचं ते होतंच. म्हणून रुग्णाला टोचायच्या आधीपासून उबेत ठेवायला सांगतात.

शेवटचा स्कॅन जानेवारीत होता. सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेची गर्दी, आणि पहाटेच्या गाडीत ही मायलेकरं कुडकुडत पुण्याला निघालेली. सेंटरमध्ये एसी चालू. सिस्टर पातळशी चादर घेऊन आल्या, तोवर बहिणीने पिशवीतून आपली सोलापुरी चादर काढून पोराला मानेपर्यंत गुंडाळलं होतं. निळी, मोरांची, त्याच्याच कारखान्याशेजारच्या मागावरची. सिस्टर हसून म्हणाल्या, "मावशी, हे बरं केलंत."

मानेत काही चमकलं नाही. छातीत दीड सेंटिमीटरचा गोळा उरलाय, अंधारा. रिपोर्टच्या त्या ओळीखाली बहिणीने बॉलपेनने लिहून ठेवलंय, 'चिमणी'.